अण्णाचे तळपाय

आमच्या घरात सगळ्यात शेवटी आलेला आणि सगळ्यात आधी म्हातारा झालेला जीव म्हणजे मुलीचा गिनीपिग. मुलगी कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडून ती त्याला बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली, तेव्हा तो माझ्या मुठीएवढा होता. तिने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, ते नाव कधी उच्चारता आलं नाही, किंवा उच्चारायचं नव्हतं. त्यांच्या बाबतीत या दोन्हींत फरक करणं अवघड असतं. त्या त्याला बाळ म्हणायच्या. पुढे मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली, पिंजरा आमच्या हॉलमध्ये राहिला आणि बाळाचं वय झालं. पाठीवरचे केस विरळ झाले, दुपारची झोप वाढली, कोथिंबीर समोर धरली तर आधी नीट हुंगून मग खायची, अशा म्हाताऱ्या सवयी लागल्या. एक दिवस अक्का म्हणाल्या, "आता ह्याला बाळ काय म्हणायचं, माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय. अण्णा म्हणा." तेव्हापासून तो अण्णा.

अक्कांचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं आहे की आपण मूळचे कुठले, हे त्यांना फक्त कुलदैवताच्या निमित्ताने आठवतं. त्या बसवनगुडीत वाढल्या, लग्न होऊन बसवनगुडीतच दोन गल्ल्या पलीकडे गेल्या आणि म्हातारपणी लेकासुनेबरोबर जे. पी. नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच शब्दांत, 'येऊन पडल्या'. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं आहे की त्यांना स्वतःला ते वेगळं काढता येत नाही. मी सांगलीची. इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले आणि इथलीच झाले. 'स्वल्प थांब' म्हणजे थोडं थांब, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. अक्कांचं थोडं म्हणजे किती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

मी कारखान्यात, मुलगी परदेशात, नवरा बँकेतून निवृत्त होऊन रोज या ना त्या कामाचं निमित्त काढून बाहेर. घरात दिवसभर अक्का आणि अण्णा. अक्कांचे गुडघे गेलेले. वॉकर धरून पलंगावरून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. अण्णा त्यांच्या मांडीवर एका जुन्या पंच्यात गुंडाळून बसायचा आणि त्या त्याच्याशी बोलायच्या. काय बोलायच्या ते विचारलं तर म्हणायच्या, "तुझ्याबद्दलच."

आता नखांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. गिनीपिगची नखं सतत वाढतात. रानात दगडमातीवर ती झिजत असतील, आमच्या हॉलमध्ये झिजत नव्हती. मुलगी होती तोवर ती खोलीचं दार लावून वाटेल तेव्हा कापायची आणि घरात कुणाला पत्ता नसायचा. ती गेल्यावर काम माझ्याकडे आलं. पहिल्याच शनिवारी मी अण्णाला आणि नेलकटरला घेऊन बाल्कनीत बसले, तर आतून आवाज आला, "शनिवारी नखं?"

शनिवार मारुतीचा. सोमवारी अक्कांचा उपास. मंगळवार, शुक्रवार देवीचे. गुरुवार गुरूचा. बुधवार चालेल, पण दिवेलागणीच्या आत. आणि मी सकाळी कारखान्याच्या बसने जाऊन दिवे लागल्यावरच घरी यायचे. राहिला रविवार. अक्का जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "अण्णा आपल्याकडे आला तो कुठला वार?" "रविवार," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. कुठे गप्प बसावं हे या माणसाला आजवर कळलेलं नाही. "मग तोच त्याचा जन्मवार," अक्का म्हणाल्या. आणि जन्मवारी कुणी नखं कापतं का?

गिनीपिगला जन्मवार असतो का, हे मी विचारलं नाही. मी वारबीर मानत नाही. पण न मानणाऱ्यांसाठीही आपल्याकडे एक वाक्य तयार असतं, पाळलं तर बिघडतं काय? सहसा काही बिघडत नाहीच, म्हणून तर ते वाक्य टिकून आहे. तेव्हा उरली बुधवारची दुपार आणि ती नवऱ्याच्या वाट्याला गेली. पहिल्याच बुधवारी त्याने काळ्या नखाच्या आतली रक्ताची शीर कापली. अण्णा किंचाळला, पंच्यावर दोन थेंब रक्त पडलं आणि नवरा सोफ्यावर आडवा झाला. त्यानंतरच्या बुधवारांना त्याला बँकेत काहीतरी काम निघू लागलं.

मी निवृत्त झाले त्यानंतरची गोष्ट. अण्णाची एक सवय होती. फ्रिजचं दार उघडलं की तो हॉलमधून शीळ घालायचा. त्याच्या लेखी फ्रिज ही एकमेव महत्त्वाची वस्तू होती आणि तो उघडणारा माणूस कोण, याला काही महत्त्व नव्हतं. एका सकाळी मी दूध काढलं, दार लावलं, पुन्हा उघडून कढीपत्ता काढला, तरी बाहेर शांत.

"अण्णा हाक देईना," अक्का खुर्चीतून म्हणाल्या.

"झोपला असेल."

"डोळे उघडे आहेत त्याचे."

तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून समोरच्या गवताकडे बघत होता. मी कोथिंबिरीची काडी पुढे केली. त्याने मान लांब केली, एक पाऊल टाकलं आणि मागचा पाय उचलून धरून तिथेच थांबला. खायचं होतं, पण चालायचं नव्हतं. मी त्याला उचलून उताणा केला. गिनीपिगचा मागचा तळपाय लांबट असतो, त्यावर केस नसतात, निरोगी असला तर तो गुलाबी आणि मऊ असतो. अण्णाचे दोन्ही तळपाय लाल, सुजलेले आणि चकचकीत झाले होते. डाव्या टाचेवर मसुराएवढी काळी खपली होती. आणि बोटांच्या टोकाला ती नखं, वाढून वाढून बाजूला वळलेली.

कारखान्यात माझं आयुष्यभराचं काम म्हणजे धातूचे नमुने यंत्रात धरून ते तुटेपर्यंत वाकवायचे. त्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. वस्तू एका मोठ्या दणक्याने क्वचितच मोडते. एकाच जागी रोज थोडा थोडा भार पडत राहिला की ती आतून थकते आणि मग एका साध्याशा दिवशी भेग दिसते. अण्णाची नखं वाढली, बोटं जमिनीवर नीट टेकेनाशी झाली, सगळा भार मागे टाचेवर गेला. वर अक्कांच्या लाडाने तो चांगला गरगरीत झालेला. कारण समजायला मला क्षणभरही लागला नाही, आणि ते समजून अण्णाच्या पायाला काडीचा उपयोग नव्हता.

प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली. सगळेच डॉक्टर गिनीपिग बघत नाहीत, ही एक बाई बघते असं कळलं होतं. सकाळी निघताना मी अण्णाला टोपलीत ठेवला तर त्याचे चारही पाय पिवळेधमक. अक्कांनी रात्रीत हळद आणि तूप कालवून लावलं होतं. नवऱ्याने वाटी धरली होती.

डॉक्टर वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने पाय बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "हळद?" मी मान हलवली. "माझ्याकडे येणारे निम्मे पाय पिवळेच असतात," ती म्हणाली. "हळदीचं काही नाही हो, पण खाली लाल किती आहे ते मला दिसायला नको का?" मग कोमट पाण्याने पाय धुण्यात बराच वेळ गेला. पिवळा रंग जाईना. अण्णा दात वाजवून निषेध करत होता.

तिने नखं थोडी कापली. नखाच्या आतली शीरही नखाबरोबर लांब होत जाते, त्यामुळे एकदम मुळापर्यंत कापता येत नाही; दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की शीर मागे सरकते, असं तिने समजावलं. मग बाकीचं सांगितलं. औषध घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवायचे, टिपून पूर्ण कोरडे करायचे, मलम लावून वर मऊ पट्टी. दुखण्याचं औषध सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात. पिंजऱ्याचा तळ मऊ हवा आणि कोरडा हवा. वजन कमी. ढबू मिरची रोज, कारण माणसासारखंच त्यांच्याही शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर जखम भरत नाही. "पायाचं दुखणं यांना जड जातं," ती म्हणाली. "लवकर भरलं तर ठीक. हाडापर्यंत गेलं तर कठीण."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचं घर कुणाला हार जाणार नाही. प्रत्यक्षात काय झालं? मऊ तळ हवा म्हणून अक्कांनी त्यांचं जुनं, धुऊन धुऊन पिठासारखं झालेलं सुती लुगडं दिलं. मी त्याच्या चार घड्या करून अंथरल्या. सुती कापड ओल धरून बसतं. अण्णा त्या मऊ ओलाव्यात दिवसभर बसून राहायचा. वजन कमी करायचं म्हणून मी गाजर बंद केलं, तर अक्का दुपारी गुपचूप पोळीचा तुकडा द्यायच्या. "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढायचा का?" हा त्यांचा सवाल. नखांचं म्हणाल तर मी आता दिवसभर घरीच होते आणि बुधवार हक्काचा होता. पण पहिल्या बुधवारी पाहुणे आले, दुसऱ्या बुधवारी चतुर्थी निघाली, आणि चतुर्थीला नखं कापत नाहीत हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. मुलगी फोनवरून रोज सूचना द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं मी तिला एकदा म्हणाले आणि मग मला वाईट वाटलं, कारण ती रडत होती.

पुन्हा तपासायला नेलं तो शनिवार होता. डॉक्टरने पट्टी सोडली. डावा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. एक्स-रे काढला. हाडाच्या कडेला जरा धूसर दिसतंय, ते संसर्गामुळे की वयामुळे हे नक्की सांगता येत नाही, असं ती म्हणाली. मग तिने हातमोजे काढून ठेवले आणि आवाज खाली आणला. "वय बरंच झालंय त्याचं. उपचार चालू ठेवता येतील, पण ते रोजचे आणि नीट व्हायला हवेत. नाहीतर त्याला त्रासातून मोकळं करता येतं. झोपेचं इंजेक्शन असतं, दुखत नाही. घरी जाऊन ठरवा."

घरी येऊन मी अण्णाला अक्कांच्या मांडीवर दिला आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. मुलीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, त्याला इतकं दुखत असेल तर मोकळं करूया," ती म्हणाली. "मी इथे बसून त्याला ठेवा म्हणणं बरोबर नाही." मी हो म्हणाले. मला ते पटलं होतं. तरुण माणसांसारखं स्वच्छ, सरळ वाक्य होतं ते. नवरा कॅलेंडरपाशी गेला. "सोमवारी अक्काचा उपास आहे," तो पुटपुटला. "मंगळवार देवीचा." मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. या घरात अण्णाला नखं कापायला वार मिळाला नव्हता आणि आता मरायलाही मिळेना.

"अक्काला कसं सांगायचं?" तो म्हणाला, आणि मागे वॉकरची खुटखुट थांबली.

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, हा आमचा समज त्यांनीच सोयीने जोपासलेला आहे.

"काय ठरलं?"

"अक्का, त्याला फार दुखतंय गं," नवरा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आता..."

"पाय दुखतात म्हणून पाठवायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी कुठली करायची असं विचारावं तसा होता. "सरी, ठीक आहे. मग माझं कधीचं ठरवलंय तेही सांगा. माझे तर केव्हापासून दुखतायत."

"काहीतरी काय बोलतेस, अक्का."

"काहीतरी नाही. तो खातो का?"

"खातो," मी म्हणाले. "तोंडाजवळ नेऊन दिलं तर."

"मलाही तुम्ही टेबलापाशी आणूनच देता."

नवरा कॅलेंडरचं पान सरळ करत राहिला. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्टच सांगते, मला भीती वाटली. आम्ही तिघं शहाणी, शिकलेली, मायाळू माणसं, एक तर सातासमुद्रापलीकडून, एका म्हाताऱ्या जिवाचा निकाल लावत होतो. आणि ज्याचा जीव होता तो, आणि जिचा दिवस त्याच्यामुळे सरत होता ती, दोघंही भिंतीच्या पलीकडे बसले होते. हे आम्ही अगदी हळू आवाजात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून केलं होतं. उद्या अक्कांच्या बाबतीतही आम्ही असंच, इतक्याच प्रेमाने आणि इतक्याच हळू आवाजात बोलू, हे मला अगदी लख्ख दिसलं.

"पुढच्या तपासणीपर्यंत," मी म्हणाले. "तोवर सगळं नीट करायचं, रोज. तेव्हाही सूज उतरली नाही तर मात्र मी तुमचं ऐकणार नाही, अक्का. त्याला नुसतं कण्हत ठेवणार नाही मी."

अक्कांनी थोडा विचार केला. "न्याय आहे," त्या म्हणाल्या. "मी धरते, तू कर. आधी नखं काढ."

"आज शनिवार," नवरा म्हणाला.

"मारुतीला मी सांगते."

त्या संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, अक्कांनी देवाकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली आणि अण्णाला पोटाशी उभा धरला. मी टॉर्चच्या उजेडात एकेक नख, शीर सोडून, टोकापुरतं कापलं. नवरा सोफ्यावर आधीच आडवा झाला होता, म्हणजे पुढे गैरसोय नको.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सकाळीला एक ठरलेलं वळण लागलं. बाल्कनीत ऊन आलं की अक्कांची वेताची खुर्ची तिथे जायची. त्यांच्या मांडीवर पंचा, पंच्यावर अण्णा, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली, चारी पाय पुढे. मी समोर पाटावर. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी, त्यात डॉक्टरने दिलेल्या औषधाचे थेंब. आधी डावा पाय बुडवायचा, मग उजवा. अण्णा पहिले काही दिवस दात वाजवायचा, एकदा त्याने माझं बोट धरलं. "सुम्मने बस रे," अक्का त्याच्या कानापाशी म्हणायच्या. गप्प बस. "झालं, झालं, आयतु." त्यांचे हात थरथरतात, चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो, पण अण्णाला धरलं की थरथर कमी व्हायची. पाय बाहेर काढला की मऊ कापडाने टिपायचा, घासायचा नाही. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा ओल राहता कामा नये. मग मलम, मग मऊ कापसाची गादी, मग पट्टी, फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही. ती बेताची पट्टी जमायला मला वेळ लागला. धातूचा नमुना यंत्रात आवळताना चुकलं तर दुसरा घेता येतो.

लुगडं काढून टाकलं. त्याऐवजी मुलीच्या कपाटातली जाकिटं आली. महादेवपुऱ्यातल्या तिच्या पहिल्या ऑफिसने दर वर्षी एक मऊ, लोकरीसारखं जाकीट वाटलं होतं आणि बेंगळुरात ती घालण्याइतकी थंडी वर्षातून चार दिवस पडते. ते कापड पाणी खाली जाऊ देतं आणि वरून कोरडं राहतं. मी त्यांचे तुकडे कापले, खाली रद्दीचे जाड थर घातले आणि दिवसातून दोनदा बदलू लागले. अण्णा कंपनीच्या बोधचिन्हावर बसून गवत चावायचा. मुलीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "मी तिथे होते तेव्हा माझी एवढी सोय केली नव्हती त्यांनी."

सगळ्यात अवघड गेलं ते अक्कांना. पोळी बंद, केळं बंद. मी रोज अण्णाला लाडवांचं वजन करायच्या काट्यावर परातीत ठेवायची, आणि आकडा जरा वर गेला की अक्कांकडे बघायची. त्या खिडकीबाहेर बघायच्या. एकदा दुपारी मी आत आले तर त्यांच्या हातात पोळीचा तुकडा आणि अण्णा मान वर करून वाट बघत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "बघ, मीच खाल्ला," त्या त्याला म्हणाल्या. मग त्याला ढबू मिरचीची फोड दिली.

सूज उतरते आहे की मला उतरावीशी वाटते आहे, हे काही दिवस कळत नव्हतं. मी मोजपट्टी आणायच्या विचारात होते, पण अक्का म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला? उघड की पट्टी." डाव्या टाचेवरची खपली कडेने सुटली होती. तिच्याखाली जखम नव्हती, नवी, पातळ, गुलाबी कातडी होती. त्याच आठवड्यात एका सकाळी मी ताक काढायला फ्रिज उघडला आणि हॉलमधून शीळ आली, पूर्वीसारखी, चढ्या सुरातली आणि उद्धट. मी फ्रिजचं दार तसंच उघडं टाकून तिथे उभी राहिले. ते बंद करायचं भान नवऱ्याला आलं.

तपासणीच्या दिवशी अक्का म्हणाल्या, मी येणार. लिफ्ट, मग रिक्षा, मग दवाखान्याच्या तीन पायऱ्या, ज्या चढताना एका बाजूने मी आणि एका बाजूने नवरा. टोपली रिक्षावाल्याने आणून दिली. डॉक्टरशी त्या कन्नडमध्ये बोलल्या, फार नाही. डॉक्टरने अण्णाचा पाय हातात घेतला, अंगठ्याने टाच दाबली, बघितलं, पुन्हा दाबली. अण्णाने पाय ओढून घेतला नाही. तो टेबलावरच्या तिच्या पेनाकडे बघत होता. नवा एक्स-रेही काढला. ती धूसर कडा होती तेवढीच होती, वाढली नव्हती. "टाच थोडी जाड राहील," ती म्हणाली. "पूर्वीसारखा पाय होणार नाही. पण चालायला चांगला आहे." अक्कांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. परतताना रिक्षात त्यांनी टोपली मांडीवर ठेवली होती आणि सिग्नलला थांबलं की त्या झाकण जरा उचलून आत बघत होत्या.

त्यानंतरही सकाळचं बसणं चालू राहिलं. औषधाची गरज उरली नव्हती, नुसते पाय बघायचे, कोरडे आहेत का, लाल नाहीत ना. दिवाळी गेली, थंडी आली, मुलीच्या जाकिटांपैकी एक मी स्वतः घालायला लागले. अण्णा पिंजऱ्यातून बाहेर पडून हॉल ओलांडून अक्कांच्या खुर्चीपर्यंत यायचा, थांबत थांबत, बोटं नीट टेकवत. मग त्यांच्या पावलांपाशी बसून वर बघायचा. वाकता येत नसल्यामुळे त्या मला हाक मारायच्या आणि मी त्याला उचलून वर द्यायची.

उन्हाळा लागता लागता तो गेला. आदल्या संध्याकाळी हॉल ओलांडून आला होता, पेरूची फोड खाल्ली होती. सकाळी ऊन आलं तेव्हा पिंजऱ्यात कुशीवर पडून होता, हाक दिली तर कान हलवायचा. मी त्याला अक्कांच्या मांडीवर दिलं. दुपारच्या आत, काही न करता, तो थांबला. अक्कांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी पंचा त्याच्या अंगावरून ओढून घेतला, तळपाय मात्र उघडे ठेवले आणि अंगठ्याने एकेका टाचेवरून हात फिरवला. मी खूप रडले. इतकी रडेन असं मला वाटलं नव्हतं. खालच्या बागेच्या कडेला, वॉचमनला विचारून, नवऱ्याने खड्डा खणला, आणि त्या दिवशी तो आडवा झाला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती आधी रडली आणि मग तिने ते विचारलं, जे ती विचारणार हे मला माहीत होतं. "आई, खरं सांग. मागच्या वेळीच सोडायला हवं होतं का आपण त्याला? इतके महिने आपण त्याला आपल्यासाठी तर ठेवून घेतलं नाही ना?"

मी उत्तर जुळवायला लागले. सूज, एक्स-रे, डॉक्टर काय म्हणाली, वजन किती उतरलं होतं. एकेक गोष्ट खरी होती आणि तिने विचारलेल्या प्रश्नाच्या बाजूबाजूने जात होती. अक्कांनी खुर्चीतून हात पुढे केला. त्यांना फोन नीट धरता येत नाही. कानाला लावायचा तो त्यांनी तोंडासमोर आडवा धरला.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकमेकांनाच विचारत बसलात. त्याला विचारलं असतंत, तर तो जेवायला आला असता. काल संध्याकाळीसुद्धा आलाच होता की."